पहिल्या दहा खेळ्या

आमच्या बेळगावच्या घरात माळ्यावर बुद्धिबळाचा एक लाकडी पट आहे, सासऱ्यांचा. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. चातुर्मासात दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली की ओसरीवर डाव मांडला जाई, आणि शेजारचे दोघं-तिघं न विचारता सल्ले देत. अण्णा देशी पद्धतीनं खेळत. प्यादं एकच घर पुढं, किल्लेकोट नाही. राजाला मात्र शह लागलेला नसेल तर एकदा घोड्याची उडी. माझा मुलगा शाळेतून नवे नियम शिकून आला आणि दहा-बारा खेळ्यांत त्यानं अण्णांचा वजीर मारला. अण्णा हसले. रात्री मला म्हणाले, "त्याचं ते पुस्तक जरा वाचून सांग गं."

पुस्तक इंग्रजी होतं. मी वाचायची, अण्णा मोहरी हलवायचे. त्या पुस्तकातच मला सुलतान खान भेटले.

हे पंजाबातल्या मिठा तिवान्याचे, सर उमर हयात खान यांच्या आश्रयातले. देशी बुद्धिबळ वडिलांकडून शिकले, विलायती नियम बरेच उशिरा. १९२८ मध्ये अखिल भारतीय स्पर्धा जिंकली, १९२९ च्या वसंतात लंडन गाठलं. तिथं सरावासाठी एक छोटी स्पर्धा ठेवली, त्यात ते तळाला गेले! देशी डावात प्यादी सावकाश सरकतात, दोन्ही सैन्यं आपापल्या बाजूला निवांत उभी राहतात. त्यामुळं सुरुवातीच्या खेळ्या पाठ करायची गरज कधी पडलीच नव्हती. विलायती डावात प्यादं पहिल्याच उडीला दोन घरं येतं आणि तिसऱ्या-चौथ्या खेळीला मारामारी जुंपते. विल्यम विंटर आणि फ्रेड येट्स हे त्याच स्पर्धेत त्यांच्या वर आलेले खेळाडू. त्यांनीच मग सुलतान खानांना शिकवायला घेतलं. त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेटला ते ब्रिटिश विजेते झाले. पुढं १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा. मध्ये हेस्टिंग्जला त्यांनी कॅपाब्लांकाला हरवलं.

आपल्याकडं शिकवणीची परंपरा नव्हती असं मात्र नाही. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांचं पुस्तक छापलं गेलं, संस्कृतातून इंग्रजीत आणलेलं, विलायती खेळाला जुळवून घेतलेलं. पण त्यात भर आहे तो मांडलेल्या कूट स्थितींवर : आता इथून मात करून दाखवा. शेवट कसा करायचा हे आपल्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. अण्णांचंही तसंच. प्यादी उरली की मुलगा गडबडायचा आणि अण्णा सरसावून बसायचे.

सुलतान खान १९३३ च्या अखेरीस परतले. १९३५ मध्ये आपल्या व्ही. के. खाडिलकरांशी त्यांचे दहा डाव झाले. खाडिलकरांच्या वाट्याला एक बरोबरी आली, बाकी नऊ गेले. नंतर ते गावी शेतीवाडीत रमले. मुलांना मात्र बुद्धिबळ शिकवलं नाही, आयुष्यात काही उपयोगाचं करा म्हणाले.

पण माझं मन अडकलं ते दुसरीकडंच. सर उमर यांच्या त्याच घरात फातिमा नावाची तरुण बाई होती. १९३३ मध्ये हेस्टिंग्जला ब्रिटिश महिलांची स्पर्धा तिनं जिंकली, अकरापैकी दहा डाव जिंकून आणि एक बरोबरीत सोडवून. सर उमर यांच्याबरोबर मायदेशी परतली, आणि तिथून पुढं तिच्या खेळाबद्दल काही वाचायला मिळत नाही. सुलतान खानांवर लोक अजून लिहितात. फातिमाला दोन ओळी मिळतात, त्याही त्यांच्याच लेखात.

पुस्तक वाचून दाखवणारी मी. पटावर बस असं मला कुणी म्हटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही. अण्णा गेले, मुलगा पुण्याला. मागच्या दिवाळीला माळा झाडताना पट खाली काढला. काळा एक उंट हरवलाय, त्याच्या जागी सुपारी ठेवते. दुपारी भांडी आवरली की मुलाचं जुनं पुस्तक उघडून पहिल्या दहा खेळ्या लावते. सातव्या खेळीला अजून चुकते. परवा फोनवर मुलाला विचारलं, तर म्हणाला, "आई, घोडा आधी काढ."