बादशहाचा थरथरता हात

इतिहासाच्या तासाला चांदबिबीचा वेढा आला की वर्गाला तरतरी येते. सुरुंगाने खिंडार पडलेला नगरचा तट, ते रातोरात बुजवून घेणारी ती बाई, आणि बाहेर तळ देऊन बसलेला अकबराचा मुलगा शहाजादा मुराद. १५९५-९६ ची ही हकीकत. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, मग त्या मुरादचं पुढं काय झालं?" मी म्हणालो, "मेला." "लढाईत?" मी उगाच हातावरचा खडू झटकला. "नाही, आजारी पडून."

पोरांपुढे दारूचे नाव काढणे मास्तराला जड जाते. दिवाळी अंक मात्र त्यांच्या आईबापांच्या हाती पडतो, म्हणून ते उत्तर येथे पुरे करतो.

अकबराचे तीन मुलगे वयात आले: सलीम, मुराद आणि दानियल. तिघेही दारूच्या आहारी गेले. मुराद १५९९ साली पूर्णेच्या काठी, दौलताबादेपासून वीसेक कोसांवर, छावणीतच वारला. तिशीही त्याने पाहिली नाही. त्याच्या जागी दानियल दक्षिणेत आला. १६०० साली नगरचा किल्ला त्याच्या फौजेने घेतला, आणि १६०५ साली बऱ्हाणपुरास तोही त्याच वाटेने गेला.

दानियलची गोष्ट त्याच्या थोरल्या भावानेच लिहून ठेवली आहे. बापाची सक्त ताकीद आली तेव्हा सासरे खानखानान यांनी (हिंदीच्या पुस्तकात ज्यांचे दोहे आपली मुले पाठ करतात तेच हे रहीम) जावयाभोवती पहारा बसवला. शहाजाद्याने नोकरांपुढे गयावया केली. त्याची एक आवडती बंदूक होती. तिच्या नळीत कडक दारू भरून एका बंदूकवाल्याने ती आत पोचवली. नळीतला गंज त्या दारूत उतरला, शहाजादा ती प्याला आणि त्यातून उठला नाही. बंदुकीला त्याने स्वतःच जे नाव ठेवले होते त्यात जनाजा, म्हणजे तिरडी, हा शब्द होता. कादंबरीत मी असे काही घातले असते तर संपादकांनी खोडून टाकले असते.

आता सलीम, म्हणजेच जहांगीर. आपल्या व्यसनाचा हिशेब इतक्या मोकळेपणाने मांडणारा राजा दुसरा माझ्या वाचनात नाही. अठराव्या वर्षी शिकारीने थकलेला असताना त्याने पहिला दीड पेला घेतला. पुढे द्राक्षाची दारू पुरेना, म्हणून दोनदा गाळलेला अर्क सुरू झाला. नऊ वर्षांत मजल दिवसाकाठी वीस पेल्यांवर गेली, चौदा दिवसा आणि उरलेले रात्री. खाणे काय, तर एक कोंबडी, रोटी आणि मुळा. शेवटी हात इतके थरथरू लागले की पेला तोंडाशी दुसऱ्याने धरावा लागे.

तेव्हा त्याने हकीम हुमामला बोलावले. हकिमाने भीड ठेवली नाही. अशीच सहा महिने चालली तर मग इलाज उरणार नाही, असे त्याने तोंडावर सांगितले. शहाजादा घाबरला. अर्कात दुप्पट द्राक्षासव मिसळायचे आणि रोज थोडे थोडे कमी करायचे, असा क्रम ठरला. जोडीला अफूमिश्रित औषध. वीस पेल्यांचे सहा व्हायला सात वर्षे लागली.

सात वर्षे! मला या आकड्यापाशी थांबावेसे वाटते, आणि त्याला कारण आहे.

माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत एक काका होते. घरच्यांनी एकदा निश्चय करून त्यांना माडीवर कोंडले आणि कुलूप घातले. पहिल्या दिवशी हात कापले, दुसऱ्या रात्री आकडी आली, तिसऱ्या रात्री ते भिंतीवरच्या नसलेल्या मुंग्या झाडू लागले आणि वारलेल्या आईशी बोलू लागले. कोणी म्हणाले बाधा झाली, कोणी म्हणाले सोंग आहे. काकींनी दाराला पाठ लावून रात्र काढली. कुलूप उघडले तर नवऱ्याचा संसाराशी केलेला करार मोडेल, असे त्या माउलीला वाटत होते. पहाटे दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, "शेवटची कधी घेतली होती?" काका वाचले, ते त्या प्रश्नामुळे.

या भ्रमाला 'डेलिरियम ट्रेमेन्स' हे नाव १८१३ साली थॉमस सटन या इंग्रज डॉक्टराने दिले. रक्त काढण्यापेक्षा अफूने रोगी बरे होतात, हेही त्याने नोंदवले. तरी हा आजार दारू पिण्याने होतो की सुटण्याने, हा वाद पुढे शतकभर चालला. १९५५ साली अमेरिकेत लेक्झिंग्टन येथे हॅरिस इस्बेल आणि सहकाऱ्यांनी कैद्यांना, चांगले जेवण आणि जीवनसत्त्वे देऊन, कित्येक आठवडे दारू पाजली आणि मग ती एकदम बंद केली. काहींना आकडी आली, काहींना भ्रम झाला. असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि ते बरेच आहे. पण वाद मिटला. दारू मेंदूला दाबून ठेवते, मेंदू त्या दाबाविरुद्ध जोर लावायला शिकतो, आणि दाब एकाएकी निघाला की तोच जोर उसळतो. कापरे काही तासांत, आकडी बहुधा दोन दिवसांच्या आत, भ्रम दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास. उपचार न मिळाल्यास यात माणूस दगावतो. आज इस्पितळात शामक औषधे देऊन ती क्रमाने उतरवतात आणि 'ब-१' जीवनसत्त्व टोचतात. कारण पिणाऱ्याच्या पोटात अन्न थोडेच जाते, आणि त्या जीवनसत्त्वावाचून डोळे फिरतात, तोल जातो, पुढे स्मृतीच पुसली जाते. अशा रोग्यांचे वर्णन कोर्साकोव्ह या रशियन डॉक्टराने १८८७ साली केले. कोंबडी आणि मुळ्यावर राहणारा जहांगीर त्यातून सुटला हे नशीबच.

पहाऱ्यात कोंडलेल्या दानियलला नेमके कशाने नेले, हे चारशे वर्षांनी कोणी सांगू नये. गंजाने म्हणा, दारूने म्हणा. पण पहारा बसवणाऱ्यांच्या हाती हुमामचा हिशेब नव्हता, एवढे खरे.

हुमाम १५९५ साली वारला. सहा पेल्यांचा दिवस त्याने पाहिला नाही. जहांगीरही पुरता सुटला नाहीच. पेला हाती धरलेली आपली छबी त्याने मोहरांवर पाडली. १६२७ साली काश्मीरहून लाहोरास परतताना तो वाटेत अत्यवस्थ झाला. चाळीस वर्षांची अफू नकोशी झाली होती. त्याने पेला मागितला, कोणीतरी तो ओठांशी नेला, पण घोट घशाखाली उतरला नाही.