व्यावसायिक पदवीचा खर्च : प्रवेशाआधीचे गणित

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते, प्रवेश कुठे घ्यायचा? पैशांचा प्रश्न मात्र बहुधा शुल्क भरण्याची मुदत तोंडावर आल्यावर उपस्थित होतो. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, व्यवस्थापन अशा व्यवसायाभिमुख अभ्यासक्रमांच्या बाबतीत हा क्रम उलटा असावा. एकाच वर्गात शेजारी बसणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना पडणारा खर्च सारखा नसतो, आणि हा फरक बऱ्याच अंशी प्रवेश कोणत्या मार्गाने झाला यावर ठरतो.

यामागे थोडा इतिहास आहे. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले गेले. जागा वाढल्या, त्याबरोबर देणग्यांचा प्रकारही वाढला. तो रोखण्यासाठी १९८७ मध्ये कॅपिटेशन शुल्कास बंदी घालणारा कायदा झाला. पुढे पी. ए. इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये खासगी संस्थांची स्वायत्तता मान्य केली, परंतु शिक्षणातून नफेखोरी करण्यास व कॅपिटेशन शुल्क घेण्यास मनाई कायम ठेवली. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यान्वये शुल्क नियामक प्राधिकरण अस्तित्वात आले. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क महाविद्यालयनिहाय हे प्राधिकरण ठरवते. तेव्हा माहितीपुस्तिकेतील आकड्यावर न थांबता प्राधिकरणाने मंजूर केलेला आकडा पाहावा, आणि त्यापलीकडे रोख रकमेची मागणी झाली तर ती कायद्याला धरून नाही हे ध्यानात ठेवावे.

केंद्रीभूत प्रवेशाचे मोल

राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत होणाऱ्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांकडे पालक केवळ जागावाटपाची यंत्रणा म्हणून पाहतात. वस्तुतः शासनाच्या मोठ्या शुल्कसवलती याच फेऱ्यांना बांधलेल्या आहेत. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबातील विद्यार्थ्याला निम्म्या शिक्षण शुल्काची सवलत मिळते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, त्याच उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्या मुलींना २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून शिक्षण व परीक्षा शुल्कात संपूर्ण सवलत लागू झाली. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतल्यास ही सवलत हातची जाते. अभिमत विद्यापीठे व स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठेही या योजनेबाहेर आहेत.

मे महिन्यात ‘जागा राखून ठेवा’ असा आग्रह धरणाऱ्या संस्थेत घाईने पैसे भरणे म्हणूनच महागात पडते. पाहिजे ती शाखा नामांकित महाविद्यालयात मिळाली नाही म्हणून संस्थास्तरावर प्रवेश घेणारा पालक वाढीव शुल्क तर भरतोच, शिवाय चार वर्षांच्या सवलतीवरही पाणी सोडतो. त्याच रकमेत, केंद्रीभूत फेरीतून मिळालेल्या दुसऱ्या महाविद्यालयातील पदवी वसतिगृहाच्या खर्चासह पूर्ण होऊ शकते. सवलत मिळाली तरी विकास शुल्क, वसतिगृह, खाणावळ, प्रवास यांचा भार कुटुंबावर राहतोच. बाहेरगावी राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेची पात्रता तपासावी. यांतील अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावरून होतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, लागू असल्यास नॉन-क्रीमीलेयर व जातवैधता प्रमाणपत्र ही कागदपत्रे निकालाची वाट न पाहता, अकरावीतच हाती घ्यावीत. जातवैधतेच्या कामाला वेळ लागतो आणि प्रवेशाचे वेळापत्रक कोणासाठी थांबत नाही.

महाविद्यालय पारखताना

जाहिरातीत झळकणारे ‘सर्वाधिक पॅकेज’ बहुधा एखाद-दुसऱ्या विद्यार्थ्याचे असते. उरलेल्यांचे काय, हा खरा प्रश्न. राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारीसाठी म्हणजे एनआयआरएफसाठी संस्था जी माहिती सादर करतात, तीत नोकरी मिळालेल्या विद्यार्थ्यांची संख्या व त्यांचा मध्यक पगार असतो. मध्यक म्हणजे निम्म्यांना ज्याहून अधिक व निम्म्यांना ज्याहून कमी मिळते तो आकडा. ज्या शाखेत प्रवेश हवा, त्या शाखेला राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाची मान्यता आहे का, हेही पाहावे. ही मान्यता अभ्यासक्रमाला असते, साऱ्या महाविद्यालयाला नव्हे.

दहावीनंतरचा तंत्रनिकेतनाचा मार्ग शहरी पालकांकडून उगाच दुय्यम मानला जातो. तीन वर्षांची पदविका आणि त्यानंतर पदवीच्या थेट द्वितीय वर्षात प्रवेश, अशी एकूण सहा वर्षे होतात. अकरावी-बारावी आणि चार वर्षांची पदवी यांनाही तेवढीच लागतात. थेट द्वितीय वर्षाचा प्रवेश पदविकेच्या गुणांवर होतो, सामाईक परीक्षा द्यावी लागत नाही. परिणामी दोन वर्षांच्या खासगी शिकवणीचा खर्च वाचतो. मध्येच घरची परिस्थिती बिघडली, तर पदविकेवर नोकरी करता येते. बारावी विज्ञानाच्या जोरावर तेवढे सांगता येत नाही.

कर्ज घ्यावे, पण हिशेबाने

साडेसात लाख रुपयांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्राच्या पतहमी योजनेचे संरक्षण असल्याने त्या मर्यादेत बँका सर्वसाधारणपणे तारण मागत नाहीत. पालक मात्र सहकर्जदार असतात. अभ्यासक्रमाचा काळ व त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता नसतो. यालाच अनेक जण बिनव्याजी काळ समजतात, आणि गफलत इथेच होते. या काळात सरळ व्याज साचत राहते व परतफेड सुरू होताना ते मुद्दलात मिळवले जाते.

उदाहरण घेऊ. दरवर्षी दीड लाख याप्रमाणे चार वर्षांत सहा लाख रुपये कर्ज उचलले, व्याजदर दहा टक्के धरला. पाचव्या वर्षाअखेर व्याज होते २ लाख १० हजार. म्हणजे परतफेड ८ लाख १० हजारांची, आणि दहा वर्षांसाठी मासिक हप्ता सुमारे १०,७०० रुपये. हेच व्याज वेळच्या वेळी भरले तर हप्ता सुमारे ७,९०० रुपयांवर राहतो. पहिल्या वर्षी त्यासाठी महिन्याला १,२५० रुपये लागतात, चौथ्या व पाचव्या वर्षी ५,०००. आधी भरलेले व्याज वजा करूनही एकूण सव्वा लाखाच्या आसपास बचत होते. अपेक्षित पहिल्या पगाराशी हप्त्याची तुलना कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वीच करावी. पगार महिना वीस हजार आणि हप्ता त्याच्या निम्म्याहून अधिक, अशी स्थिती दिसत असेल तर महाविद्यालय बदलावे किंवा कर्ज कमी करावे.

निवडक दर्जेदार संस्थांसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना, अन्य सरकारी शिष्यवृत्ती वा व्याजसवलत घेत नसल्यास, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्तेमुक्त काळासाठी तीन टक्के व्याजसवलत देण्याची तीत तरतूद आहे. आयकराच्या कलम ‘८०-ई’खालील व्याजाची वजावट केवळ जुन्या करप्रणालीत मिळत आली आहे, हेही हिशेबात धरावे.

प्रवेश घेताना मूळ प्रमाणपत्रे महाविद्यालयाच्या ताब्यात देऊ नयेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार संस्थेने ती पडताळून लगेच परत करावयाची असतात. भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती शीर्षनिहाय मागून घ्यावी. पुढच्या फेरीत चांगली जागा मिळून प्रवेश रद्द करावा लागला, तर परताव्यासाठी तीच लागते.