भारित चल सरासरी

भारित चल सरासरी ही कालक्रमाने नोंदवलेल्या आकड्यांतील चढउतार सौम्य करण्याची व त्यांवरून पुढील मूल्याचा अंदाज बांधण्याची सांख्यिकीय पद्धत आहे. साध्या चल सरासरीत निवडलेल्या कालखंडातील सर्व आकड्यांना समान महत्त्व असते. भारित सरासरीत प्रत्येक आकड्याला वेगळा भार दिला जातो. अंदाजासाठी सामान्यतः अलीकडील आकड्यास अधिक भार देतात.

उदाहरण

समजा, अलिबागमधील एका विक्रेत्याने सलग तीन आठवड्यांत पांढऱ्या कांद्याच्या अनुक्रमे ४०, ४६ व ५२ माळा विकल्या. १, २ व ३ असे भार घेतल्यास चौथ्या आठवड्याचा अंदाज पुढीलप्रमाणे येतो:

(४०×१ + ४६×२ + ५२×३) ÷ (१+२+३) = २८८ ÷ ६ = ४८

साधी सरासरी मात्र ४६ येते.

स्प्रेडशीटमधील मांडणी

एका स्तंभात विक्री व बाजूला स्वतंत्र चौकटींत भार लिहितात. 'सम्प्रॉडक्ट' या सूत्राने दोहोंच्या गुणाकारांची बेरीज काढून तिला भारांच्या बेरजेने भागतात. सूत्र खालील ओळींत उतरवताना भारांचे स्थान बदलू नये म्हणून त्यांच्या संदर्भात डॉलर चिन्ह वापरतात. योग्य भार ठरवण्यासाठी जुन्या नोंदींवर निरनिराळे भार वापरून अंदाज व प्रत्यक्ष मूल्य यांतील सरासरी फरक तपासला जातो.

अलिबाग वेधशाळा

मुंबईत विजेवरील ट्राम सुरू होणार असल्याने कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय मापनात अडथळा येण्याची शक्यता निर्माण झाली. त्यामुळे १९०४ साली अलिबाग येथे चुंबकीय वेधशाळा स्थापन झाली. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी समांतर नोंदी घेण्यात आल्या. ही वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे असून 'इंटरमॅग्नेट' या जागतिक जाळ्यात समाविष्ट आहे. या जाळ्याच्या मानकांनुसार दर मिनिटाचे मूल्य हे त्या क्षणाच्या मागील व पुढील वाचनांची भारित सरासरी असते. मध्यावरील वाचनास सर्वाधिक भार मिळतो. मात्र हा अंदाज नव्हे. येथे पुढील वाचनेही हाती असतात. अंदाज बांधताना केवळ मागील आकडे उपलब्ध असतात.

मर्यादा

ही सरासरी निवडलेल्या कालखंडातील सर्वांत मोठ्या आकड्यापेक्षा अधिक व सर्वांत लहान आकड्यापेक्षा कमी येऊ शकत नाही. म्हणून सतत वाढणाऱ्या विक्रीत ती मागे पडते. वरील उदाहरणात वाढ तशीच राहिल्यास चौथ्या आठवड्यात ५८ माळा खपतील. अंदाज १० माळांनी कमी ठरेल. पांढरा कांदा हंगामी पीक असल्याने हंगाम ओसरताना याच्या उलट घडते व विक्रेत्याकडे माल पडून राहण्याचा धोका असतो. अलीकडील भार वाढवल्यास हे मागे पडणे कमी होते, परंतु एखाद्या आठवड्यातील आकस्मिक चढउताराचा प्रभाव वाढतो. हंगामी मालासाठी मागील वर्षांच्या त्याच काळातील नोंदी विचारात घेणे आवश्यक ठरते.