मुंबईच्या जमीन-कंपन्या व त्यांचा कर्जव्यवहार

जमीन मिळवून, ती सुधारून, तीवर इमारती उठवून विकणाऱ्या कंपन्या आपलें काम बहुतांशीं कर्जावर चालवितात, ही गोष्ट आजच्या वाचकास नवी नाहीं. परंतु या व्यवहाराचा आपल्याकडील इतिहास दीडशें वर्षांहून जुना आहे, आणि त्याच्या साधनांकडे संग्राहकांचें लक्ष जावें तसें गेलेलें नाहीं. सनदा, निवाडपत्रें, वतनपत्रें आपण जिवापाड जपतों. बुडालेल्या कंपनीचें भागपत्र मात्र रद्दी समजतों. या व्यवहारांतील मुख्य दोष कोणता हें दाखविणें, आणि त्याच्या कागदांविषयीं संग्राहकांस दोन शब्द सांगणें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हा लेख मोलगी येथें लिहिला जात आहे. मोलगी हें नंदुरबार जिल्ह्यांत, अक्कलकुवा तालुक्यांत, सातपुड्याच्या डोंगरांत वसलेलें गांव. हा मुलूख अनुसूचित क्षेत्रांत मोडतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंत १९७४ सालीं घातलेल्या ३६-क या कलमानें आदिवासी खातेदाराची जमीन विक्री, गहाण, पट्टा अशा कोणत्याहि वाटेनें शासनाच्या मंजुरीवांचून बिगर-आदिवासीकडे जाऊं शकत नाहीं. म्हणजे येथें जमीन डोळ्यांसमोर आहे, पिकतेहि आहे; पण सावकारास ती तारण म्हणून सहजासहजीं मिळत नाहीं. डोंगर उतरून तापीच्या खोऱ्यांत गेलें कीं कापसाचा प्रदेश लागतो. खानदेश, वऱ्हाड, गुजराथ या प्रांतांच्या कापसानें मिळालेल्या पैशावर मुंबईंत एके काळीं अशी जमीन तारण पडली कीं जी अद्यापि समुद्राच्या पाण्याखालीं होती! हा विरोध मनांत ठेवूनच पुढील हकीकत वाचावी.

प्रथम शास्त्रकारांचें मत पाहूं. याज्ञवल्क्यानें व्यवहाराध्यायांत ऋणाचा विचार करितांना गहाण असलेल्या कर्जास दरमहा ऐशींवा भाग व्याज सांगितलें आहे. म्हणजे वर्षास शेंकडा १५. बिनगहाणी कर्जास वर्णानुक्रमें दरमहा शेंकडा २ पासून ५ पर्यंत. परंतु अरण्यांतून व्यापारास जाणाऱ्यानें दरमहा शेंकडा १० व समुद्रावर जाणाऱ्यानें शेंकडा २० द्यावे, असें तो म्हणतो. कारण उघड आहे, आणि मिताक्षराकारानें तें स्पष्ट केलेंहि आहे : अशा ठिकाणीं प्राण व धन या दोहोंच्याहि नाशाची शंका असते. तेव्हां व्याजाचा दर हा केवळ सावकाराचा लोभ नव्हे. तें धोक्याचें माप आहे. गहाण हातीं असेल तर दर अल्प, मुद्दलच बुडण्याचें भय असेल तर दर मोठा. हा भेद मोडला कीं व्यवहार मोडला.

आतां जमीन-विकासाचें गणित एका कल्पित उदाहरणानें मांडूं. एका कामास १०० लक्ष रुपये लागतात. पैकीं २० लक्ष मालकाचे स्वतःचे, ८० लक्ष कर्जाऊ. व्याज याज्ञवल्क्याच्याच दरानें, सरळ, वर्षास १५ टक्के. म्हणजे दरसाल १२ लक्ष व्याज. काम दोन वर्षांत पुरें होऊन १४० लक्षांस विकलें, तर सावकाराचे १०४ देऊन मालकास ३६ उरतात. २० चे ३६ झाले. पण तेंच काम, त्याच किमतीस, पांच वर्षांनीं विकलें, तर सावकाराचें देणें बरोबर १४० लक्ष होतें आणि मालकाच्या हातीं शून्य राहतें. किंमत एका पैनेंहि उतरली नाहीं. केवळ काळ लांबला. स्मृतिकारांनीं व्याज मुद्दलापेक्षां अधिक होऊं नये असा दामदुपटीचा बांध घातला होता. या उदाहरणांत तो ६ वर्षें ८ महिन्यांनीं लागला असता. बँकांच्या आजच्या व्यवहारांत तो बांध नाहीं. थकलेलें व्याज मुद्दलांत मिळतें व त्यावर पुन्हां व्याज चढतें. म्हणून अल्प मुदतीचें कर्ज आणि लांब मुदतीचें काम यांची सांगड हा या धंद्याचा पहिला धोका होय.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे, व त्यासाठीं मुंबईकडे वळलें पाहिजे. इ. स. १८६१ च्या एप्रिलांत अमेरिकेंत यादवी युद्ध जुंपलें. तेथील कापूस विलायतेस जाईनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची सारी मदार हिंदी कापसावर येऊन पडली. मुंबईंत पैशाचा पूर लोटला. १८६५ च्या आरंभीं या एका शहरांत ३१ बँका, १६ फायनान्शिअल मंडळ्या व ८ जमीन-कंपन्या होत्या. जमीन-कंपन्यांत अग्रगण्य ती बॅकबे रेक्लमेशन कंपनी. मलबार टेकडीपासून कुलाब्यापर्यंतचा उथळ समुद्र भरून काढण्याचा तिचा उद्योग. तिचा ५,००० रुपये भरणा झालेला भाग ५०,००० रुपयांच्या घरांत गेला. जमीन कोठें होती? पाण्याखालीं. किंमत कशाची होती? आशेची.

या आशेस कर्ज पुरविलें कोणीं? मुख्यतः मुंबई बँकेनें. ही बँक १८४० सालीं स्थापन झाली. सरकारचेहि तींत भाग होते. जुन्या सनदेनें तिच्या कर्जव्यवहारावर कडक बंधनें होतीं. १८६३ च्या दहाव्या कायद्यानें तीं सैल झालीं व कंपन्यांच्या भागांवर कर्ज देण्याची वाट मोकळी झाली. सुप्रसिद्ध व्यापारी प्रेमचंद रायचंद हे बँकेचे एक संचालक होते व तत्कालीन सट्ट्याचे अध्वर्यूहि होते. मग एक चक्र सुरू झालें. बँकेनें भाग तारण घेऊन कर्ज द्यावें, त्या कर्जानें लोकांनीं आणखी भाग घ्यावे, त्या खरेदीनें भागांचा भाव चढावा, आणि चढलेल्या भावावर बँकेनें आणखी कर्ज द्यावें!

आमच्या मतें मुख्य दोष येथेंच आहे. गहाण हें कर्जाच्या पूर्वींपासून व कर्जाहून स्वतंत्र असें असावें लागतें. शेत गहाण ठेवलें तर तें कर्ज देण्यापूर्वींहि शेत होतें व कर्ज बुडाल्यावरहि शेतच राहतें. येथें मात्र गहाणाची किंमत कर्जानेंच निर्माण केली होती. कर्ज आटतांच गहाणहि आटणार, हें ठरलेलेंच. वस्तुतः हें समुद्रगामी ऋण होतें. बँकेनें तें सबंधक ऋण मानून दिलें.

१८६५ च्या एप्रिलांत अमेरिकेंतील युद्ध संपलें, कापसाचा भाव कोसळला, आणि १ जुलै १८६५ रोजीं वायद्याच्या सौद्यांची मुदत भरली, तेव्हां देणारा कोणी उरला नव्हता. मुंबई बँकेचा २,८५० रुपयांपर्यंत चढलेला भाग ८७ रुपयांस विकण्याची पाळी आली. १८६८ सालीं ती बँक गुंडाळली गेली व त्याच नांवाची नवी बँक निघाली. चौकशीसाठीं सर चार्लस जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालीं कमिशन नेमलें गेलें. बॅकबे कंपनीहि मोडली.

याच समुद्रावर दुसरा प्रयोग १९२० सालीं गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकीर्दींत झाला. या वेळीं कंपनी नव्हे, खुद्द सरकारच विकासक होतें. डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालें; साडेसहा टक्के व्याजाचें कर्ज लोकांकडून उभारलें. ११४५ एकर जमीन काढण्याचा संकल्प होता. अंदाज चुकले, खर्च वाढला, काळ लांबला, आणि वीर नरिमन यांनीं या कारभाराचे वाभाडे काढले. काम निम्म्याहूनहि कमी झालें. तरी या खेपेस बँक बुडाली नाहीं. कां? कर्जाचें तारण समुद्रांतील जमीन नव्हतें. प्रांताचा महसूल होता. कामकऱ्यांच्या चाळींसाठीं तर मुंबईंत येणाऱ्या कापसाच्या दर गांठीवर एक रुपया कर बसविला होता. त्याच खात्यानें बांधलेल्या २०७ चाळी ‘बीडीडी’ या नांवानें प्रसिद्ध आहेत. गहाण कामाच्या बाहेर होतें, म्हणून सावकार वांचला. भार मात्र करदात्यांवर, आणि कापसाच्या द्वारें कांहीं अंशीं शेतकऱ्यावर, पडला. चूक नाहींशी झाली नाहीं. ती सोसणारा बदलला.

आजहि प्रश्न तोच आहे. २०१९ च्या २३ सप्टेंबरास पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व बँकेनें निर्बंध घातले, तेव्हां तिच्या कर्जांचा फार मोठा भाग एकाच बांधकाम-समूहाकडे अडकलेला आढळला. ठेवीदारांस आरंभीं आपल्या खात्यांतून अवघे १,००० रुपये काढण्याची मुभा होती. दुसरीकडे, घर घेणारा इमारत उभी राहण्यापूर्वींच जे पैसे भरतो तेंहि एक प्रकारें बिनव्याजी, बिनगहाणी कर्जच होय. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें त्या पैशांपैकीं ७० टक्के निराळ्या खात्यांत ठेवून त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्चण्याचें बंधन घातलें. २०१८ सालीं दिवाळखोरी-संहितेंत दुरुस्ती होऊन अशा गृहग्राहकांस वित्तीय धनकोंत स्थान मिळालें. ज्यास इतके दिवस केवळ गिऱ्हाईक म्हणत, तो सावकार आहे हें कायद्यानें उशिरां कां होईना ओळखलें.

आतां संग्राहकांस विनंती. भागपत्रें, कर्जरोखे, गहाणखतें, हप्त्यांच्या मागणीच्या नोटिसा व दलालांचे हिशेब हे कागद दिसायला रुक्ष. परंतु कोणत्या धोक्यास कोणत्या दरानें पैसा दिला, हें त्यांवांचून कळणार नाहीं. असा कागद हातीं आल्यास चार गोष्टी नोंदवाव्या : तारण काय होतें, तें कर्जापूर्वीं अस्तित्वांत होतें कीं नव्हतें, व्याज किती, आणि मुदत कामास पुरेशी होती कीं नाहीं. या चार प्रश्नांचीं उत्तरें १८६४ सालीं कोणी मागितलीं असतीं, तर कित्येक घरें वांचलीं असतीं. मोलगीच्या डोंगरांतील शेतकरी या व्यवहारापासून दूर आहे. पण जमीन व तिची आशा या दोन निराळ्या वस्तु आहेत, हें त्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. तें शहाणपण मुंबईस मोठी किंमत देऊन विकत घ्यावें लागलें, आणि तें तिनें पुनःपुन्हां विसरून पाहिलें. इत्यलम्.