एएनएम झाल्यावर जीएनएम कसं होता येतं?

गावच्या उपकेंद्रात लस देणारी, गरोदर बाईची नोंद ठेवणारी सिस्टर म्हणजे बहुतेक वेळा एएनएम. बारावीनंतर दोन वर्षांचा हा कोर्स. सरकारी दवाखान्यात अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स व्हायचं असेल तर तो पुरत नाही. त्याला जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग लागते.

जीएनएम तीन वर्षांचं. एएनएमची दोन वर्षं त्यातून वजा होत नाहीत, पहिल्या वर्षापासूनच बसावं लागतं. पण नोंदणीकृत एएनएमला भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमात सवलत आहे. इतरांना 35 वर्षांची अट, एएनएमला वयाची अटच नाही. म्हणजे लग्न झालं, लेकरं मोठी झाली तरी दार उघडं आहे.

जीएनएम पास झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नवी नोंदणी करायची. मग दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी करता येते. हिशेब केला तर सगळी मिळून सात वर्षं होतात. ज्या पोरीची बारावी सायन्स, बायोलॉजी घेऊन चांगली झाली तिनं सरळ चार वर्षांची बीएस्सीच पाहावी, हे आमचं मत.

सोयाबीन विकून फी भरण्याआधी एक काम करा. कॉलेजला दोन्ही परिषदांची मान्यता आहे का, ते परिषदांच्या वेबसाईटवरच्या यादीत स्वतः पाहा. एजंटच्या मोबाईलमधला फोटो धरू नका. मान्यता नसलेल्या कॉलेजच्या सर्टिफिकेटवर नोंदणी होत नाही, अन् नोंदणीशिवाय नोकरी नाही.