टिपणाआधीची फीत

शिरगाव आता बदलापूर पूर्वेच्या इमारतींत मिसळून गेले आहे. तरी बदलापूर, अंबरनाथपासून कल्याणपर्यंतच्या या पट्ट्यात आगरी बोली नांदते आहे. लग्नात गाणाऱ्या धवलारणीचे धवले, हळदीची गाणी, अंगणातल्या गप्पा आज मोबाइलवर टिपल्या जातात आणि यूट्यूबवर चढतात. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात १९०५ साली आगरीचे नमुने आले, ते नुसत्या अक्षरांत. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने केलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणात बोलणाऱ्यांचे आवाजही मुद्रित झाले. आता आवाजाबरोबर चेहरा, हात, ठेका हेही अभ्यासाला मिळाले आहे.

अशा व्हिडिओवर वेळेनुसार नोंदी करण्यासाठी, म्हणजे टिपणासाठी, ईलान हे साधन विनामूल्य मिळते. नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक मानसभाषाविज्ञान संस्थेने ते घडवले. व्हिडिओखाली हव्या तितक्या ओळी उघडता येतात: एकीत आगरी बोल, दुसरीत प्रमाण मराठीतला अर्थ, तिसरीत हातवारे. प्रत्येक नोंद सुरुवातीच्या आणि शेवटच्या क्षणाशी बांधलेली असते. मात्र टिपणाच्या फाइलीत व्हिडिओ नसतो, फक्त त्याचा पत्ता असतो. टिपण झाल्यावर कोणी फितीचे पहिले १० सेकंद कापले, तर साऱ्या नोंदी गाण्याच्या १० सेकंद मागे पडतात. म्हणून काटछाट आधी, टिपण नंतर.

सर्वांत जास्त दगा देतो तो फ्रेमचा अस्थिर वेग. रात्रीच्या मांडवात उजेड कमी झाला की मोबाइल फ्रेम घेण्याचा वेग आपोआप उतरवतो, उजेड आला की चढवतो. पाहणाऱ्याला ते कळतही नाही. पण फ्रेम मोजून वेळ काढणारे साधन इथे चुकते आणि लांब फितीच्या शेवटाकडे ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे होतात. यावर उपाय आहे. एफएफएमपेगसारख्या मोफत साधनाने फीत स्थिर वेगाची करून घ्यावी. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर प्रत्येक फ्रेम ४० मिलिसेकंदांची; मूळ फीत ३० ची असेल तर ३० वरच ठेवावी. मग आरंभीची आणि शेवटची एकेक टाळी किंवा ढोलकीची थाप शोधून चित्र आणि आवाज जुळतात का ते पाहावे. ही तांत्रिक हमाली आहे असे समजून दुसऱ्यावर सोपवणे मला पटत नाही. कोणता शब्द कोणत्या हातवाऱ्याबरोबर आला, हा निष्कर्ष याच जुळणीवर उभा राहतो.

यूट्यूबवर चित्र आणि आवाज बहुधा वेगवेगळे साठवलेले असतात. ते एकत्र करून एच.२६४ पद्धतीची एमपी४ फाइल करावी आणि आवाजाच्या लहरी दिसण्यासाठी वेगळी वेव्ह फाइल काढावी. वेव्ह केल्याने आवाज सुधारत नाही. फाइल लहान करण्यासाठी दाबताना जे गेले ते गेले. व्हॉट्सअॅपवरून फिरत आलेली प्रत तर शक्यतो टाळावीच.

म्हणून वाचकहो, शक्य असेल तिथे व्हिडिओ घेणाऱ्याला भेटा, त्याच्या मोबाइलमधली मूळ फाइल मागा, गाणाऱ्या बाईंची संमती घ्या, दुवा आणि तारीख लिहून ठेवा. मूळ प्रतीला हात लावू नका; काम नेहमी दुसऱ्या प्रतीवर करा.