रुमालाखालचा भाव

१/ परक्या देशाच्या बाजारात उभ्या राहिलेल्या प्रवाशापुढे दोन अडचणी असतात : भाषा येत नाही आणि खरा भाव ठाऊक नसतो. आज पहिली अडचण मोबाईलवर आकडा दाखवून सुटते. चार-पाचशे वर्षांपूर्वी हिंदी महासागराच्या काठी ती बोटांनी सुटत असे. दुसरी मात्र त्याच बोटांनी अधिक गडद केली. त्या मुक्या घासाघिशीचा हा इतिहास.

२/ बोलोन्याचा लुदोव्हिको दि वार्थेमा १५०५ च्या सुमारास कालिकतला होता. १५१० मध्ये रोम येथे छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात तो तेथील सौद्यांची रीत सांगतो. दलाल मध्ये बसे, वस्त्राने हात झाकले जात आणि बोटांना स्पर्श करून मागणी व देकार कळवले जात. तोंडातून शब्द निघत नसे.

३/ व्हेनिसचा व्यापारी चेझारे फेदेरिची १५६३ मध्ये पूर्वेकडे निघाला. आजच्या म्यानमारमधील पेगूच्या माणकबाजारात त्यालाही हेच दृश्य दिसले. भोवती माणसे उभी, हात कापडाखाली आणि भाव फक्त त्या दोघांनाच ठाऊक.

४/ सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिर ताव्हेर्निये याने हिऱ्यांच्या खाणीजवळील बाजारात या भाषेचे व्याकरणच टिपून ठेवले. (हे स्थळ म्हणजे आजच्या कर्नूल जिल्ह्यातील रामल्लकोट, असे मानतात.) पूर्ण हात धरला तर १०००, पाच बोटे ५००, एक बोट १००, मधल्या पेरापर्यंत अर्धे बोट ५० आणि बोटाचे टोक १०. म्हणजे ११५० हा भाव सांगायचा तर एकदा पूर्ण हात, मग एक बोट, मग अर्धे बोट.

५/ तेथेच त्याला मुलांचा बाजार दिसला. दहा ते पंधरा-सोळा वर्षांची व्यापाऱ्यांची मुले सकाळी गावातील झाडाखाली बसत. एका बाजूला वजनांची पिशवी, दुसऱ्या बाजूला होनांची थैली. कोणी हिरा आणला की तो प्रथम वयाने सर्वांत मोठ्या मुलाच्या हाती जाई, मग हातोहात फिरे. महाग घेतला तर तोटा त्याच मुलाचा. बोटांची भाषा शिकणे सोपे होते. नजर तयार होण्यास मात्र अशी वर्षे लागत.

६/ ही गुप्तता कशासाठी? ताव्हेर्निये सांगतो की एकच पुडी त्याच जागी, भरल्या गर्दीत, पाच-सहा वेळा हात बदलत असे आणि पाहणाऱ्यांपैकी कोणालाही किंमत कळत नसे. मागचा भाव झाकलेला असल्यामुळेच पुढच्याला नवा भाव सांगता येई. नफा मालात होता, तसाच अज्ञानातही होता.

७/ याच शतकात जपानमध्ये उलट प्रयोग झाला. १६७३ मध्ये मित्सुई ताकातोशी याने एदो, म्हणजे आजच्या टोकियोत, एचिगोया हे कापडाचे दुकान उघडले. घरोघरी माल नेऊन उधारीवर विकण्याची तेथील मोठ्या पेढ्यांची रीत सोडून त्याने दोन नियम केले : रोख पैसे आणि न फुगवलेली किंमत.

८/ पॅरिसमध्ये आरिस्तीद बुसिको १८५२ पासून ‘बाँ मार्शे’ या दुकानाचा भागीदार झाला. तेथे वस्तूवर किंमत लिहिलेली असे आणि ती सर्वांना सारखीच असे. परदेशी पाहुणा आणि शेजारचा रहिवासी एका पातळीवर आले. दुकानदाराचा नफा मात्र संपला नव्हता. संपली होती ती माणूस पाहून भाव सांगण्याची मुभा.

९/ रुमालाखालचा भाव महाराष्ट्रालाही परका नाही. आपल्याकडे त्याला ‘हत्ता पद्धत’ म्हणत. आडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवत आणि वर्षभर राबलेला शेतकरी शेजारी नुसता उभा राही. तो परदेशी नव्हता, त्याला भाषाही येत होती. तरी स्वतःच्याच मालाच्या सौद्यात तो परका ठरे. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली. पुढे बाजार समित्यांत उघड लिलावाचा नियम आला, तो याच अंधारावरचा उपाय म्हणून.

१०/ म्हणून घासाघिशीच्या इतिहासात कोण किती चतुर होता, हा प्रश्न दुय्यम आहे. भाव कोणाला दिसत होता आणि कोणापासून झाकला होता, हे पाहिले की त्या बाजारातील सत्ता कोणाच्या हाती होती ते कळते.